'नातं' या रकान्यात काय लिहायचं?

पागोळी | ९ सप्टेंबर २०२५, रात्री ११.४०

विसर्जन आटोपलं, चाळ जरा गप्प झाली, म्हणून आज लिहायला बसले. आठ वर्षं इथे वाचनमात्र आहे. पाककृतींच्या धाग्यांवर कधीमधी 'छान' लिहिलं असेल, तेवढंच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमची चाळ गिरगावातली, पागडीची. म्हणजे एकदा मोठी रक्कम मोजली की नाममात्र भाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहायचं, मालकी मात्र घरमालकाचीच. मागच्या वर्षापासून पुनर्विकासाचं चाललंय. गेल्या आठवड्यात बिल्डरच्या माणसाने प्रत्येक बिऱ्हाडाला एक फॉर्म दिला. भाडेकरूचं नाव, सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांची नावं, वय, भाडेकरूशी नातं. खोली मोरी धरून १८० चौरस फूट. भाडेपावती म.च्या नावावर, त्याआधी तिच्या वडिलांच्या.

म. आणि मी २००३ पासून त्या खोलीत राहतो. आम्ही मैत्रिणी नाही, जोडीदार आहोत. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा टाईप केलं, दोनदा खोडून. चाळीत कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. पोरं तिलाही मावशी म्हणतात, मलाही मावशी. दोन मावश्या एकमेकींच्या कोण, हे कोडं बावीस वर्षांत कुणी घातलं नाही. आता फॉर्मने घातलं.

मी बँकेत काउंटरवर आहे. दिवसभर लोकांना सांगते, "काका, नॉमिनीचं नातं लिहा, रकाना रिकामा सोडू नका." आणि स्वतःचा रकाना चार दिवस रिकामाच. 'मैत्रीण' लिहिलं तर उद्या पाहुणी ठरेन. म. म्हणते, चुलत बहीण लिही आणि मोकळी हो, कशाला ताप. तिचा चुलत भाऊ चिपळूणला आहे, वर्षातून एकदा आंब्याची पेटी पाठवतो. माणूस वाईट नाही. पण नव्या इमारतीतल्या तीनशे फुटांचा गिरगावातला भाव कानावर गेला की चांगल्या माणसांचंही काय होतं, ते काउंटरमागे बसून पाहिलंय मी.

दोन गोष्टी विचारायच्यात. एक, या रकान्यात काय लिहू? दुसरी जरा मोठी आहे. २००८ च्या ऑगस्टमध्ये तो पहिला अभिमान मोर्चा ऑगस्ट क्रांती मैदानातून निघून चौपाटीला आला, तेव्हा आम्ही दोघी फूटपाथवर उभं राहून पाहिला होता. हातात भाजीची पिशवी. चाललो नाही. म. एवढंच म्हणाली, "पाट्या सगळ्या इंग्रजीत का गं?" ते तेव्हापासून डोक्यात बसलंय. हे समान हक्कांचं प्रकरण चाळीच्या नोटीसबोर्डावर, रेशन ऑफिसात, आपल्या भाषेत कसं न्यायचं? मला एक पानी मराठी पत्रक काढायचंय. मदत कराल का?

पोहेवाला | १० सप्टेंबर, सकाळी ७.०५

वाचनखूण साठवली. दंडवत घ्या ताई.
(अवांतर: बिल्डर कोण? कॉर्पस, म्हणजे एकरकमी पैसे, किती देतोय?)

नाना_ठाकूरद्वार | १० सप्टेंबर, सकाळी ९.१२

माझं वय ७१. चाळ कमिटीत पंचवीस वर्षं सेक्रेटरी होतो, तेव्हा फॉर्म या विषयात मला कुणी शिकवू नये. बाई, तुमच्याबद्दल आकस नाही. आमच्याही मजल्यावर असे दोन सद्गृहस्थ राहायचे. कुणी चकार शब्द काढला नाही. पण खासगी गोष्ट खासगीत ठेवावी या मताचा मी आहे. २०१८ ला कोर्टाने ते समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ काढलं ना? मग आता कसले समान हक्क, आणि मोर्चे कशाला?

कायदेकानू | १० सप्टेंबर, दुपारी १.३०

लंच टाइममध्ये लिहितेय, त्रोटक आहे.

पागोळीताई, सर्वात आधी: 'चुलत बहीण' लिहू नका. चिपळूणकर हरकत घेतील त्या दिवशी हे एक खोटं तुमची सगळी खरी कागदपत्रं बुडवेल.

आता पागडीबद्दल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ७, 'भाडेकरू'ची व्याख्या वाचा. भाडेकरू वारला तर त्या वेळी त्याच्यासोबत राहणारा 'कुटुंबातील सदस्य' भाडेकरू होतो. तसा कुणी नसेल तरच वारस. क्रम पाहा. आधी सोबत राहणारं माणूस, मग लांबचा वारस. रक्ताचं नातं हवं किंवा लग्न झालेलं हवं, असे शब्द त्या वाक्यात नाहीत. न्यायाधीश 'कुटुंब' किती ताणतील याची हमी मी देणार नाही, पण तुमची लढाई त्या एका शब्दावर आहे.

"मग म. मृत्युपत्र करेल" असं इथे कुणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगते. पागडीची खोली मृत्युपत्राने देता येत नाही. १९९४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, वसंत प्रताप पंडित विरुद्ध अनंत त्र्यंबक सबनीस. मालकीचा फ्लॅट कुणालाही देता येतो, पागडीची भाडेकरी नाही. म्हणजे आज म.ला काही झालं (न होवो), तर तुमच्या हातात फक्त तो रकाना आहे.

म्हणून: मालक तयार असेल तर भाडेपावतीवर दोघींचं नाव चढवून घ्या. तो पैसे मागेल, पागडीत ते चालतंच. पर्यायी जागेच्या करारनाम्यात दोन्ही नावं घालायचा आग्रह धरा. आणि नवी खोली मालकीची झाली की त्याच आठवड्यात मृत्युपत्र, दोन साक्षीदार, नोंदणी. सोसायटीच्या नॉमिनेशनवर विसंबू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हा घोळ इतक्या घरांत पाहिलाय की नॉमिनेशन फॉर्मवरच तसं लाल शाईत छापावं.

रकान्यात माझ्या मते: 'कुटुंबातील सदस्य (सहजीवन २००३ पासून)'.

झिपरी | १० सप्टेंबर, दुपारी ३.४४

नाना, दोन बायकांना चार भिंतींत राहू दिलंत त्याबद्दल आभार. पण आता भिंतीच पाडतायत ना, म्हणून तर धागा आलाय.

"कलम काढलं ना" हे वाक्य मी कॉलेजपासून ऐकतोय. क्रम सांगतो. २ जुलै २००९, दिल्ली उच्च न्यायालय म्हणालं प्रौढांची संमती असेल तर गुन्हा नाही. ११ डिसेंबर २०१३, सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. मी तेव्हा सातवीत, कल्याणला. टीव्हीवर बातमी चालू, बाबा म्हणाले "बरं झालं", आणि मी ताटातली भेंडी मोजत बसलो. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने पुन्हा गुन्हेगारीतून बाहेर काढलं. मधली पावणेपाच वर्षं आम्ही काय होतो, ते विचारू नका.

तर २०१८ ने पोलीस बेडरूममधून बाहेर गेले. नातं कुठे मिळालं? ते मागायला लोक कोर्टात गेले. १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल: लग्नाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही एकमत. लग्नाशिवायच्या सहजीवनाला कायद्याची मान्यता द्यायची की नाही, यावर ३-२, तेही नाही. पुनर्विचार याचिका यंदा जानेवारीत फेटाळली. म्हणून मोर्चा.

आणि पाट्या इंग्रजीत असतात हे मान्य. मी दोन वर्षं मराठी पाटी नेतोय. लोक फोटो काढतात आणि "काय लिहिलंय?" असं हिंदीत विचारतात. मुंबई आहे.

अप्पा_डोंबिवली | १० सप्टेंबर, सायंकाळी ६.२०

ही सगळी पाश्चात्य फॅडं. आपल्या संस्कृतीत हे नव्हतं. आमच्या लहानपणी मराठी माणूस असल्या विषयावर बोलायचासुद्धा नाही.

झिपरी | १० सप्टेंबर, सायंकाळी ६.२२

पॉपकॉर्न आणतो.

जुनाबाजार | १० सप्टेंबर, रात्री १०.१५

अप्पा, बोलायचा की. चांगला गिरगावात बसून, छापून बोलायचा.

र. धों. कर्वे. 'समाजस्वास्थ्य' मासिक, १९२७ पासून १९५३ मध्ये ते जाईपर्यंत. वाचक पत्राने प्रश्न विचारायचे आणि कर्वे उत्तरं द्यायचे. हस्तमैथुनापासून समलिंगी संबंधांपर्यंत सगळं. धर्माचा धाक नाही, फक्त शरीराची माहिती. १९३४ साली या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला भरला गेला. वकीलपत्र कुणी घेतलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोकांना प्रश्न पडतात तर त्यांना ज्ञान मिळायला हवं, नुसत्या विषयावरून मजकूर अश्लील ठरत नाही, अशी त्यांची बाजू होती. हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. त्या काळचे २०० रुपये, आणि ते मासिक काही नफ्यात चालत नव्हतं.

म्हणजे एक्क्याण्णव वर्षांपूर्वी हा विषय मुंबईच्या कोर्टात येऊन गेलाय, आणि बाजू मांडणारा माणूस आपलाच. पाश्चात्य काय आहे ते सांगतो: कलम ३७७. १८६० ची दंडसंहिता, मसुदा मेकॉलेचा. ते खरं इम्पोर्टेड.

पागोळी, पत्रकात कर्व्यांना घ्या. गिरगावातल्या म्हाताऱ्यांना ते नाव आजही माहीत आहे. निदान शिव्या द्यायला तरी.

संपादक मंडळ | ११ सप्टेंबर, सकाळी ८.००

दोन प्रतिसाद काढले आहेत. कुणाच्या आईवडिलांपर्यंत जाऊ नये. धागा चालू राहील.

साळुंकी | ११ सप्टेंबर, दुपारी १२.५०

बराच वेळ लिहू की नको करत होते. मी ट्रान्स बाई आहे. पेपरवाले तृतीयपंथी म्हणतात, रस्त्यावर काय म्हणतात ते संपादक काढतील.

पागोळीताई, तुमच्यासाठी जीव तुटला. पण एक सांगू? तुमच्याकडे रकाना आहे, त्यात काय लिहायचं हा प्रश्न आहे. मला फॉर्मपर्यंत कुणी पोचू देत नाही. विक्रोळीत खोली बघत होते. फोनवर आवाज ऐकला की एजंट म्हणतो, "खोली गेली." मैत्रिणीने दहा मिनिटांनी फोन केला की खोली परत आलेली असते. आता मी मैत्रिणीलाच फोन करायला लावते. भाडं मात्र मला दीडपट.

कागद आमच्याकडे आहेत. १५ एप्रिल २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा नाल्सा निकाल म्हणतो की आपण कोण हे ज्याचं त्याने ठरवायचं, ऑपरेशनची अट नको. मग २०१९ चा कायदा आला आणि त्यात जिल्हाधिकाऱ्याचं प्रमाणपत्र आलं. मी पोर्टलवर अर्ज करून उपनगरच्या कार्यालयातून घेतलंय, लॅमिनेट केलंय. त्याच कायद्याचं कलम १८ वाचा. आमच्यावर लैंगिक अत्याचार केला तर शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. बाईवर बलात्कार केला तर किमान दहा वर्षं. समान हक्क म्हणजे काय असं नानांनी विचारलंय. या दोन आकड्यांमधलं अंतर मोजा, नाना. मग मोर्चात चला.

तरी सगळं काळं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात आमच्यासाठी पर्यायच नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला चांगलं सुनावलं आणि तो रकाना आला. माझी एक ओळखीची त्या वर्षी मैदानात धावली. नापास झाली गोळाफेकीत, पण गोळाफेकीत नापास झाली, हे लक्षात घ्या. अर्जात नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात 'इतर' या खान्यात ४०,८९१ माणसं मोजली. आम्ही 'इतर'. पत्रक काढाल तेव्हा आम्हाला शेवटच्या ओळीत 'इत्यादी' म्हणून घालू नका, एवढंच मागणं.

पागोळी | ११ सप्टेंबर, रात्री ११.१०

साळुंकी, तुमचा प्रतिसाद म.ला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून चहा ठेवला. तिचं तसंच असतं.

खरं आहे. इतकी वर्षं ट्रेनमध्ये टाळी वाजली की मीसुद्धा खिडकीबाहेर बघितलंय. आपल्यापेक्षा उघड असलेल्या माणसाजवळ उभं राहायची भीती वाटायची. आपल्यावर संशय येईल म्हणून. हे इथे लिहून ठेवते, कारण पत्रकात लिहिता येणार नाही.

'इत्यादी' राहणार नाही.

एक_आई | १२ सप्टेंबर, दुपारी २.३५

माझा मुलगा आता तिशीचा आहे. २०१६ साली त्याने सांगितलं तेव्हा मी त्याला ठाण्यातल्या एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांत सुधारेल, गोळ्या दिल्या. तो दिवसभर झोपायचा आणि मला वाटायचं सुधारतोय. ते आठवलं की अजून हात गार पडतात. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. पत्रकात ही ओळ हवीच. आमच्यासारखे घाबरलेले आईबाप आधी डॉक्टरच गाठतात.

पुढे मला 'स्वीकार'च्या पालकांमुळे आधार मिळाला. मुंबईतच २०१७ ला सुरू झालेला आईबापांचाच गट आहे. पहिल्या भेटीत एक बाई नुसत्या माझ्या शेजारी बसून राहिल्या. सल्ला नाही, काही नाही.

आता माझी मोहीम सांगते. मी भाषण करत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चारचौघीत सुनांचे विषय निघतात, तेव्हा "तुमच्याकडे कधी सून येणार?" याला मी सरळ उत्तर देते: "जावई आलाय आमच्याकडे, मुलाचा." पहिल्या वर्षी वाण न घेता दोघी गेल्या. पुढच्या वर्षी त्यातली एक संध्याकाळी एकटी आली, दार लावून घेतलं आणि भाचीबद्दल बोलायला लागली. आता वर्षाला एखादी तरी अशी येते. सात वर्षं झाली. इतकं हळू चालतं हे.

अप्पा_डोंबिवली | १२ सप्टेंबर, सायंकाळी ७.०२

कर्व्यांचं माहीत नव्हतं. बाकी माझं मत आहे ते आहे. लग्न हा संस्कार आहे.

कायदेकानू | १२ सप्टेंबर, रात्री ९.४०

अप्पा, संस्कार तुमच्याकडेच ठेवा, कुणी मागत नाहीये. कायद्यात लग्न म्हणजे सवलतींचं गाठोडं आहे. एकच उदाहरण. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला राहता फ्लॅट बक्षीसपत्राने दिला तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. पागोळीताईंनी उद्या म.ला दिला तर परक्या माणसासारखं, टक्क्यांत. मुंबईच्या भावाने किती लाख होतात ते स्वतः काढा. शिवाय आयकर. नवऱ्याची बायकोला भेट करमुक्त, आणि या दोघींत वर्षाला ५०,००० च्या वर गेली की घेणारीचं उत्पन्न. याच मुद्द्यावर एका जोडप्याची याचिका मुंबई उच्च न्यायालयात आहे, गेल्याच महिन्यात नोटीस निघाली.

आता पत्रकासाठी कामाचं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने काही गोष्टी स्पष्ट केल्या, ज्या फारशा कुणापर्यंत पोचल्याच नाहीत:
समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला बंधन नाही.
शिधापत्रिकेसाठी असे जोडीदार एकाच कुटुंबातले धरावेत, असं राज्यांना कळवलंय.
जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं, असं आरोग्य मंत्रालयाने राज्यांना लिहिलंय.
ही पत्रं आहेत, कायदा नव्हे. उद्या फिरवता येतात. पण आज आहेत.

पागोळी | १२ सप्टेंबर, रात्री १०.०५

बँकेचं खरं आहे, आमच्याकडे परिपत्रक आलं होतं. मीच फाइलला लावलं. आणि तरीही आमचं संयुक्त खातं काढलं नाही, कारण फॉर्म माझ्याच शेजारच्या टेबलावर जाणार होता. काय म्हणावं मला.

शिधापत्रिकेचं मात्र माहीत नव्हतं! माझं नाव अजून बदलापूरला भावाच्या कार्डावर आहे.

नाना_ठाकूरद्वार | १३ सप्टेंबर, सकाळी ६.५०

मग बसलात काय? बदलापूरहून नाव कमी केल्याचा दाखला आणा, गिरगावच्या शिधावाटप कार्यालयात नाव चढवायचा अर्ज द्या. मतदार यादीत नाव आहे का इथल्या पत्त्यावर? आधार? गॅसची वही कुणाच्या नावे? म्हातारा मोर्च्याच्या विरुद्ध आहे, कागदाच्या नाही. कलम १८ चं वाचलं. ते अंतर मोठं आहे, नाकारत नाही.

रेशनवाला "असं काही पत्र आमच्याकडे नाही" म्हणणार हे लिहून ठेवा. भांडू नका. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. 'सदर पत्रावर आपल्या कार्यालयाने काय कार्यवाही केली, त्याची प्रत द्यावी.' तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एकाने टाकला तर केराची टोपली. वीस जणांनी वीस कार्यालयांत टाकले तर साहेब वर फोन करून विचारतो.

झिपरी | १३ सप्टेंबर, सकाळी ६.५८

नाना, याला मोहीम म्हणतात. तुम्ही आत्ता मोर्चाच काढलात.

नाना_ठाकूरद्वार | १३ सप्टेंबर, सकाळी ७.१०

अर्ज काढला.

साळुंकी | १३ सप्टेंबर, सकाळी १०.३०

विक्रोळीचा अर्ज मी टाकते. प्रमाणपत्राची प्रतही जोडते, बघू दे त्यांना.

झिपरी | १३ सप्टेंबर, रात्री ११.५५

कल्याण माझ्याकडे. पत्रकाचा पहिला खर्डा टाकतोय:

"लैंगिकता आणि लिंगभाव यांच्या सर्व अभिव्यक्तींचा सन्मान व्हावा यासाठी आपण सर्वांनी कटिबद्ध होऊया..."

नाना_ठाकूरद्वार | १४ सप्टेंबर, सकाळी ६.४५

हे कुणी वाचणार नाही. जिन्यात लावलंत तर लोक पाणीकपातीची नोटीस समजून पुढे जातील. पहिल्या ओळीत 'लैंगिकता' आली तर मुलाबाळांची माणसं दुसऱ्या ओळीपर्यंत थांबत नाहीत. घरापासून सुरू करा. आणि 'कटिबद्ध' हा शब्द पुढाऱ्यांना परत द्या.

जुनाबाजार | १४ सप्टेंबर, सकाळी ११.२०

शब्दांचा घोळ आहेच. 'पार्टनर' म्हटलं की धंद्यातला वाटतो. 'साथीदार' म्हणजे पोलिसांच्या बातमीतला, दरोड्यातला. 'सहचर' पुस्तकी. 'जोडीदार' त्यातल्या त्यात घरातला. त्याचं लिंग शब्दावरून कळत नाही, हाही फायदा.

एक_आई | १४ सप्टेंबर, दुपारी ४.००

प्रयत्न करते:

"तुमच्या मजल्यावर दोन माणसं वर्षानुवर्षं एकत्र राहतात. एक आजारी पडलं तर दवाखान्यात दुसऱ्याला विचारतात, तुम्ही कोण? एक गेलं तर घर दुसऱ्याचं राहत नाही. कारण ती दोघं पुरुष आहेत, किंवा दोघी बायका. आणि तिसरं माणूस असं आहे ज्याला तुमच्या मजल्यावर खोलीच मिळत नाही, कारण ते ट्रान्स आहे. एजंटला सांगितलेलं असतं, 'तसलं माणूस नको.' ते सांगणारे आपणच असतो."

खाली कायदेकानूंचे मुद्दे, डॉक्टरची ओळ, आणि कर्वे.

साळुंकी | १४ सप्टेंबर, दुपारी ४.१२

'ज्याला', 'ते ट्रान्स' खटकलं. तिसरं माणूस म्हणण्यापेक्षा 'एक बाई' लिहा ना. 'एक बाई आहे, जिला खोली मिळत नाही, कारण ती ट्रान्स आहे.' बाकी डोळ्यांत पाणी आणलंत.

एक_आई | १४ सप्टेंबर, दुपारी ४.१५

बदललं. चूक माझी.

पोहेवाला | १४ सप्टेंबर, सायंकाळी ५.३०

माझ्या प्रेसमध्ये ५०० प्रती छापून देतो, कागदाचे पैसे द्या फक्त. गिरगाव, लालबाग, परळ तिन्हीकडे माझा माणूस जातोच.
(कॉर्पसचं कुणी सांगितलं नाही.)

पागोळी | २५ सप्टेंबर, रात्री ११.३०

घटांची गडबड आहे, तरी ताजी हकीगत देते.

पत्रक जिन्यात लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटलेलं होतं. म. ने काही न बोलता दुसरं लावलं. ते टिकलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी म.ला नळावर विचारलं, "ते वरच्या ओळीतलं तुमच्याबद्दल आहे का?" म. म्हणाली, "हो." वहिनी म्हणाल्या, "मला वाटलंच होतं," आणि हंडा घेऊन गेल्या. बावीस वर्षांत म. ने कुणाला हे सांगितलं, ते नळावर, मला न विचारता! दोन दिवस मी तिच्यावर चिडले होते. मग नाही.

एका बिऱ्हाडाने पोराला आमच्याकडे शिकवणीला पाठवणं बंद केलंय. त्याचं वाईट वाटतं. पोर गणितात चांगलं होतं.

शिधावाटप कार्यालयात तंतोतंत नाना म्हणाले तेच उत्तर मिळालं. अर्ज टाकलाय.

फॉर्म काल दिला. रकान्यात लिहिलं: 'कुटुंबातील सदस्य, २००३ पासून सहजीवन'. सोबत मतदार ओळखपत्र, बँकेचा पत्ता, २००६ पासूनची माझ्या खात्यातून भरलेली विजेची बिलं. बिल्डरच्या पोराने वाचलं, वर पाहिलं आणि विचारलं, "सदस्य म्हणजे नक्की कोण?" मी कायद्याचं वाक्य पाठ करून गेले होते. तोंडातून फुटेना. मागून म. म्हणाली, "घरातली आहे. लिही."

त्याने काही लिहिलं नाही, फॉर्म गठ्ठ्यात ठेवला. पुढे काय होतं ते बघू. चिपळूणहून अजून फोन नाही.

नाना_ठाकूरद्वार | २६ सप्टेंबर, सकाळी ६.४०

गठ्ठ्यात ठेवला म्हणजे काय? पोच घेतली का? आजच जा. फॉर्मच्या झेरॉक्सवर तारीख, सही आणि त्यांचा शिक्का. रकाना नीट दिसेल अशी झेरॉक्स काढा.

पागोळी | २६ सप्टेंबर, सकाळी ९.०२

अय्या, पोच राहिलीच. निघाले.